वेतवाल्या मावशीचा अबोला

हल्ली वेतवाली मावशी सकाळी दुकानाचं दार उघडते तेव्हा देवाचे आभार मानते, आणि तेही चांगल्या खणखणीत आवाजात. आभार मानायला तिला मोठं कारण लागत नाही. दोनपैकी एकच गुडघा दुखतोय, आभार. मांजर रात्रभर वेताच्या जुड्यांवर झोपलं, पण झोपण्यापलीकडे त्यानं काही केलं नाही, आभार. शेजारच्या चावीवाल्याचा रेडिओ बिघडला, त्याबद्दल तर विशेष आभार. चावीवाला आपल्या दुकानातून हे सगळं ऐकतो. "मावशी, माझ्या रेडिओच्या भानगडीत देवाला कशाला ओढता?" असं तो विचारतो. "मी कुठे ओढलं? मी फक्त पोच दिली," असं म्हणून मावशी कामाला बसते.

मध्यंतरी मात्र तीनेक वर्षं अशी गेली की मावशी देवाशी एक अक्षर बोलली नव्हती. देव नाही, असं ती कधीच म्हणाली नाही. नसलेल्यावर कुणी रागावतं का? तो आहे, चांगला ठणठणीत आहे, आणि आपण त्याच्याशी बोलत नाही, एवढाच मामला होता. घरात नवरा-बायको धरतात तसा सरळसरळ अबोला.

अबोल्याच्या कामात मावशी तशी मुरलेली होती. तिचा नवरा सुतार. तो खुर्चीची लाकडी चौकट करायचा आणि बसायच्या जागी वेताची जाळी ती विणायची. चोवीस तास एकाच छपराखाली, एकाच खुर्चीवर दोघांचं काम, मग खटके उडायला वेळ किती लागतो? उडाले की बोलणं बंद. निरोप लेकीमार्फत जायचे. "तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय." "तुझ्या आईला सांग, दिसतोय." बाबा आणि आई एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि मधे उभी राहून लेक गंभीर चेहऱ्यानं टपाल पोचवायची.

पण काम थांबायचं नाही, आणि त्यामुळेच अबोला फार टिकायचा नाही. जाळी विणून झाली की शेवटी काठ बांधायचा असतो. भोकांच्या रांगेवर एक रुंद पट्टी बसवायची आणि बारीक पट्टीनं ती भोकाभोकातून आवळत जायची. रुंद पट्टी मोठी हट्टी. ओली असली तरी उसळी मारून वर येते. एकानं तिचं टोक धरलं तरच दुसऱ्याला काठ सरळ बांधता येतो. तेव्हा कितीही रुसवा असला तरी काठापाशी आल्यावर मावशीला म्हणावंच लागायचं, "अहो, टोक धरा." नवरा रंधा खाली ठेवून यायचा, खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचा आणि टोक धरायचा. झाला समेट. माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिली नाही. त्या घरात "टोक धरा" म्हणजे "चला, पुरे आता," हे लेकीलासुद्धा ठाऊक होतं, आणि ते ऐकू आलं की ती सुटकेचा श्वास टाकून खेळायला पळायची.

मग नवऱ्याच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी करायचं ते केलं. चौकातल्या चर्चमध्ये मंडळी त्याच्यासाठी प्रार्थनेला बसली. मावशीनं तर देवाचे पाय धरले आणि सोडलेच नाहीत. उपास केले, रडली, भांडली, लाडीगोडी लावली. आणि खरंच त्याला उतार पडला! तो उठून बसला, जेवला, दुकानात आला. आठवडाभर त्यानं काम केलं. चर्चमध्ये गाणाऱ्यांना बसायला नव्या खुर्च्या हव्या होत्या, त्यांच्या सहाच्या सहा चौकटी त्यानं हातावेगळ्या केल्या. मावशीनं सगळ्या गल्लीला सांगितलं, माझ्या देवानं ऐकलं म्हणून. शेवटची चौकट झाली, आणि पुढच्या दोन दिवसांत तो गेला.

गेला ते दुःख होतंच. पण मावशीच्या जिव्हारी लागला तो आठवडा. "नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायचं," ती लेकीला म्हणाली. "उठवून बसवलं, जेवायला घातलं, मला गावभर मिरवायला लावलं आणि मग नेलं? ही कुठली रीत?" त्या दिवसापासून तिनं चर्चची वाट सोडली आणि अबोला धरला.

लेक तोवर मोठी झाली होती. औषधांच्या दुकानात कामाला होती, पण टपालाचं जुनं काम तिच्याकडे पुन्हा आलं. रात्री जेवायला बसलं की ती डोळे मिटून प्रार्थना करायची, आणि 'आमेन'च्या आधी थांबून विचारायची, "आई, तुझा काही निरोप?" मावशी ताटाकडे बघत म्हणायची, "सांग त्याला, जेवण पोचलं. पुढचं बोलणं नाही." लेक तेवढंच देवाला सांगायची, न हसता, न समजावता. कधी निरोप जरा लांबायचा. "सांग त्याला, त्या वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचा खोकला बघ म्हणावं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी." लेकीनं तोही पोचवला. बाकीच्या लोकांनी समजुतीचे डोस पाजले होते, देवाची योजना वगैरे सांगितली होती. लेकीनं नुसती वाट उघडी ठेवली. त्या मुलीचे उपकार फार मोठे आहेत.

सहा चौकटी दुकानाच्या माळ्यावर तशाच पडून होत्या. चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. एक दिवस ते दुकानात आले, बाकावर टेकले, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना म्हणाले, "मावशी, गाणारी मंडळी बाकावर दाटीवाटीनं बसतात हो. त्या खुर्च्या झाल्या तर बरं होईल. घाई नाही."

घाई नाही म्हटल्यावर मावशीला घाई झाली. तिनं चौकटी उतरवल्या, धूळ झटकली आणि विणायला बसली. एकट्या बाईचं काम ढिलं पडलं असं कोणी म्हणायला नको, हा एक भाग. आणि पट्टी ओढताना दर ओढीला तिला तो आठवडा आठवत होता, हा दुसरा. तिनं अशी काही जाळी ताणली की बोट मारलं तर टणटण वाजावी.

आता वेत विणणाऱ्याला ही चूक सांगायला लागत नाही. वेत भिजवून विणतात. ओला असताना तो नरम असतो, ओढाल तेवढा येतो. पण सुकताना तो आखडतो. त्या आखडण्यासाठी थोडी जागा सोडावी लागते. नवरा असता तर चौकटीपलीकडून म्हणाला असता, "अगं, ओला आहे तो. अजून आखडायचाय." पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट, आणि आयुष्यभर विणत आलेली मावशी सहा खुर्च्यांवर सहा वेळा चुकली. काठ तिनं बाकाला लावलेल्या शिकंज्यात पट्टी पकडून एकटीनं बांधले. नवरा गेल्यापासून टोक धरायला तो लोखंडी शिकंजाच होता.

खुर्च्या चर्चमध्ये गेल्या. दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी लेक उपासनेहून घरी आली ती ओठ दाबतच.

"काय झालं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर तोंड असं का केलंयस?"

मग लेकीनं सांगितलं. चर्चचे खजिनदार गाणाऱ्यांपैकीच, चांगले भारदस्त गृहस्थ, आणि त्यांचा आवाजही त्याच मापाचा. गाण्यासाठी उभे राहिले ते ठीक, पण पहिलं कडवं संपवून खाली टेकले मात्र, फाडकन आवाज झाला. जाळी काठापासून सुटली आणि खजिनदार चौकटीत अडकले. गुडघे हनुवटीला लागलेले, पुस्तक वर धरलेलं, पण माणूस असा पक्का की दुसरं कडवं त्यांनी तशाच अवस्थेत पूर्ण केलं. उरलेल्यांपैकी निम्म्यांचा सूर गेला तो गेलाच.

लेकीला हसू आवरेना. मावशीचा चेहरा मात्र पडला.

"माझी खुर्ची फाटली?"

"अगं, एकच."

"एक कशी असेल? सगळ्या एकाच हातानं विणल्यात." तिची खुर्ची आजवर परत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब दारात हजर. "मावशी, हातगाडीवाल्याला सांगतो. सगळ्या खुर्च्या इथं आणून टाकतो, तुम्ही सवडीनं बघा."

"खबरदार!" मावशी उठून उभी राहिली. "अख्ख्या गल्लीतून माझी फाटकी खुर्ची मिरवत आणणार? चावीवाला जन्मभर बोलून दाखवेल. मीच येते तिथं."

पाळकसाहेबांनी मान हलवली. बाई तीन वर्षांनी चर्चमध्ये यायला निघाली होती आणि एवढं कळूनही हे गृहस्थ चकार शब्द बोलले नाहीत. मावशी आजही म्हणते, तेव्हा त्यांनी 'प्रभूची स्तुती असो' एवढं जरी म्हटलं असतं तरी मी तिथूनच मागे फिरले असते.

निघताना तिनं लेकीला बजावलं, "त्याला सांगून ठेव. मी खुर्च्यांकडे चाललेय. त्याच्याकडे नाही."

"सांगते," लेक म्हणाली.

मावशी बाजूच्या दारानं आत शिरली. सोमवारचा दिवस, आत कुणी नाही. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन रिकाम्या बाकांवर पडलेलं. पाळकसाहेबांनी एक बादली पाणी भरून ठेवली, किल्ली तिच्या हातात दिली आणि कामाचं निमित्त काढून निघून गेले. मावशीनं समोरच्या क्रूसाकडे पाहिलं नाही. एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्याकडे न बघता काम करायचं म्हणजे मानेला ताण पडतो, पण तिनं तो सोसला. खुर्च्या भिंतीशी ओळीनं मांडून तिनं एकेक तपासली. फाटली होती एक, पण बाकीच्या पाचही फाटायच्या बेतात होत्या. पट्ट्या सुकून अशा आखडल्या होत्या की भोकांच्या कडांवर त्यांना चिरा गेल्या होत्या. एके ठिकाणी तर नवऱ्यानं घट्ट बसवलेला सांधासुद्धा ओढला गेला होता. ते बघून तिला स्वतःची लाज वाटली. त्याच्या शेवटच्या कामाची आपण ही काय दशा केली?

तिनं सुरी घेतली, जुनी जाळी कापून काढली आणि पहिल्यापासून विणायला बसली. या खेपेला तिनं घाई केली नाही. हात आपल्या चालीनं चालू लागले. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, मग तिरक्या. आणि हात गुंतले की मन मोकाट सुटतं, तसं ते त्या आठवड्यात जाऊन पोचलं.

नवरा तेव्हा बाकाशी बसून रंधा मारत होता आणि बेसूर गुणगुणत होता. शेवटच्या चौकटीवर हात फिरवून तो म्हणाला होता, "झालं बघ. एवढ्या चौकटी होऊ देत, एवढंच मागितलं होतं त्याच्याकडे. झाल्या."

आणि ती खेकसली होती, "मागायचं तर आयुष्य मागावं माणसानं. चौकटी काय मागता?"

तो हसला होता. "ते तू मागतेयस ना? मग मी हे मागितलं."

हे बोलणं मावशी विसरली होती असं नाही. तिनं ते गिळून टाकलं होतं. आज त्याच चौकटीवर हात ठेवल्यावर ते पुन्हा वर आलं. एकाच घरातून दोन मागण्या गेल्या होत्या. तिची मंजूर झाली नाही. त्याची झाली होती, अगदी मागितली तेवढीच. ज्या आठवड्याला तिनं देवाची फसवणूक म्हटलं होतं, तो आठवडा तिच्या नवऱ्यानं मागून घेतला होता, आणि मिळाला म्हणून हसत बसला होता.

मावशीचे हात थांबले होते. पट्ट्या सुकत होत्या. काठ राहिला होता. तिनं रुंद पट्टी बादलीतून काढली, भोकांवर बसवली, आणि पहिला फास आवळायला गेली तशी पट्टी उसळून वर आली. पुन्हा बसवली, पुन्हा वर. शिकंजा दुकानात राहिला होता. दातांत धरून पाहिली, पण दातांत धरायला तिथं आता दातही पुरेसे नव्हते.

"अहो, टोक धरा," ती म्हणाली. सवयीनं तोंडातून गेलं.

रिकाम्या चर्चमध्ये तिचाच आवाज फिरून आला. खुर्चीशेजारची जमीन मोकळी होती. तिथं कोणी येऊन बसणार नव्हतं, हे मावशीला तीन वर्षं ठाऊक होतं, पण इतकं लख्ख त्या क्षणी कळलं. तिला रडू फुटलं. ते आवरायला कोणी नव्हतं, तेव्हा तिनं ते पोटभर येऊ दिलं. मग पदरानं तोंड पुसलं, मान वर केली आणि पहिल्यांदा समोर पाहिलं.

"देवा," ती म्हणाली, "तू तरी टोक धर."

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पट्टीचं टोक तिनं आपल्याच दुखऱ्या गुडघ्याखाली दाबलं आणि काठ बांधायला घेतला. पण तोंड जे सुटलं ते सुटलंच. तीन वर्षांचं साठलेलं सगळं तिनं बाहेर काढलं. आधी चांगलं झापलं. बोलावंसं वाटेल तेव्हा बोलायला माणूस नाही, खुर्चीपलीकडून चूक सांगायला माणूस नाही, याचा जाब विचारला. मग आवाज खाली आला. "त्याचं ऐकलंस, ते बरं केलंस," ती म्हणाली. "खूश होता रे तो त्या आठवड्यात. मीच नीट बघितलं नाही." काठ बांधून झाला तेव्हा तिला एकदम हलकं वाटलं. घर तेच, दुकान तेच, नवरा नाही तो नाहीच. पण देवाच्या घरात ती परकी राहिली नव्हती, आणि तो तिला परका राहिला नव्हता. तीन वर्षं ती एकटी रुसून बसली होती आणि तो तिथंच थांबला होता, टोक धरायला बोलावण्याची वाट बघत, असं तिला अगदी आतून वाटलं. त्याबद्दल तिनं आभार मानले. पहिले आभार ते.

उरलेल्या खुर्च्या तिनं त्या आठवड्यात पुऱ्या केल्या. रोज जायची, विणायची, बोलायची. लेकीला मात्र काही सांगितलं नाही. इतक्या थाटानं धरलेला अबोला सुटला हे सांगायची तिला लाज वाटत होती. रात्री लेक विचारायची, "आई, निरोप?" आणि मावशी ताटात बघून म्हणायची, "रोजचाच."

रविवारी ती लेकीबरोबर निघाली. "खुर्च्या कशा धरतायत ते बघायला येतेय," तिनं आधीच सांगून टाकलं. लेकीनं चालताना आईचा हात धरला.

गाणारी मंडळी जागेवर आली. खजिनदार खुर्चीपाशी येऊन थबकले. त्यांनी हातानं जाळी दाबून पाहिली, मागच्या बाजूनं वाकून पाहिली, आणि तरी बसायचं नाव घेईनात. सगळं चर्च श्वास रोखून बघत होतं.

मावशी पहिल्या बाकावरून म्हणाली, "बसा हो निर्धास्त. मागच्या वेळी मी एकटीनं विणली होती. या वेळी टोक धरायला सोबत होती."

खजिनदार बसले. वेत जरासा कुरकुरला, दबला आणि त्यानं त्यांना सांभाळून घेतलं. लेकीनं आईकडे वळून पाहिलं. सोबत कुणाची, ते तिच्या ध्यानात येईना. आपण तर गेलोच नव्हतो. आईनं पुस्तक उघडलं होतं आणि ती पान शोधण्यात गढल्यासारखं दाखवत होती.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. लेकीनं गरम गरम वाढलं, डोळे मिटले, जेवणाबद्दल देवाचे आभार मानले आणि सवयीप्रमाणे थांबली. "आई, त्याला काही निरोप?"

मावशीनं ताटावरची नजर वर उचलली. "राहू दे," ती म्हणाली. "आजपासून माझं मी बोलेन."

लेकीचे डोळे उघडले, भरले आणि तिनं ते घाईनं पुन्हा मिटून घेतले. तिचं टपालाचं काम त्या दिवशी संपलं. मावशीनं हात जोडले आणि बोलायला लागली. नवऱ्याच्या त्या आठवड्याबद्दल आभार मानले, लेकीबद्दल मानले, खजिनदारांच्या वजनाबद्दलही मानले, कारण त्यांच्याशिवाय ती खुर्ची फाटली नसती. वरच्या म्हातारीचा खोकला झाला, चावीवाल्याचा रेडिओ झाला, पाळकसाहेबांची गप्प बसायची अक्कल झाली. तीन वर्षांचं बोलायचं होतं, ते काय एका दमात संपतंय? लेक डोळे मिटून ऐकत राहिली आणि जेवण पार गार झालं.